खाण 2001 मध्येच बंद झाली, मग आता धोका कसला?

प्रश्न पुण्यातल्या एका ताईंचा आहे. मुलगा बेंगळुरूला नोकरीला आहे. कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्स या सोन्याच्या खाणींच्या बाजूला त्याने दीड एकर जमीन बघून ठेवली आहे आणि किंमत त्याच्या आवाक्यातली आहे. ताई विचारतात, "खाण 2001 पासून बंद आहे. यंत्रं नाहीत, धूर नाही, ट्रक नाहीत. जमिनीत विहीर आहे, बोअर आहे, पाणी अगदी नितळ दिसतं. तरी ओळखीचे लोक नको म्हणतात. बंद पडलेली खाण त्रास कसा देईल?"

ताई, भूजलाच्या कामात माझी तीसेक वर्षं गेली. त्यातला बराच काळ बंद खाणींच्या आसपासच्या विहिरी आणि ओढ्यांचे नमुने घेण्यात गेला. तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दावर मी थांबलो, तो म्हणजे "नितळ". खाणीजवळच्या पाण्याबद्दल लोक सगळ्यात आधी हेच सांगतात, आणि माझा सगळ्यात कमी विश्वास असतो तो यावरच. आम्लयुक्त पाण्यात लोखंड, तांबं, जस्त पूर्ण विरघळलेलं राहतं. शेवाळं धरत नाही, गढूळपणा खाली बसतो आणि तळ काचेसारखा दिसतो. आर्सेनिकला तर रंग, वास, चव काहीच नाही. गढूळ पाणी निदान माणसाला सावध करतं.

आता मूळ गोष्ट. खाण बंद होते म्हणजे नेमकं काय बंद होतं? माणसांचं काम थांबतं, माणसं आणि माल वर-खाली नेणारे पाळणे थांबतात आणि पंप थांबतात. पर्यावरणाच्या दृष्टीने यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

बाणेर-बालेवाडीला किंवा कोथरूडला मोठ्या इमारतीच्या तळघराचा खड्डा खोदतात तेव्हा तुम्ही पाहिलं असेल, जाड पाइपातून दिवसरात्र पाणी रस्त्याकडेच्या गटारात पडत असतं. खड्डा कोरडा दिसतो तो त्या पंपामुळे. पंप चार दिवस बंद ठेवला की खड्ड्याचं तळं होतं. खाणीत हेच होतं, फक्त प्रमाण वेगळं. कोलारची चॅम्पियन रीफ खाण 3 किलोमीटरहून खोल गेली होती. जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने 1880 मध्ये तिथे काम हाती घेतलं आणि 28 फेब्रुवारी 2001 रोजी भारत गोल्ड माइन्सने ते थांबवलं. म्हणजे 120 वर्षं तो खडक पोखरला गेला, आणि जिथे जिथे पाणी झिरपत होतं तिथून ते उपसलं गेलं. उपसा थांबला की आजूबाजूचं भूजल आपल्या जुन्या पातळीकडे परत निघतं. वाटेत त्याला शेकडो किलोमीटर बोगदे, फुटलेला खडक आणि शतकभर हवा खाल्लेल्या भिंती लागतात.

त्या भिंतींवर काय झालेलं असतं हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं इथेच आहे.

सोनं बहुधा क्वार्ट्झच्या शिरांमध्ये असतं आणि त्याच्या जोडीला गंधकाची खनिजं असतात. लोखंड आणि गंधक मिळून झालेलं पायराइट, आणि त्यात आर्सेनिकही असलेलं आर्सेनोपायराइट. ही खनिजं जमिनीच्या पोटात कोट्यवधी वर्षं शांत असतात, कारण तिथे प्राणवायू पोहोचत नाही. बोगदा खणला की हवा आत येते, ओल तर असतेच. मग पायराइट गंजू लागतं, आणि गंजताना साधा तांबेरा सोडून थांबत नाही, गंधकाम्लही तयार करतं. त्या आम्लातच वाढणारे जिवाणू असतात, ते लोखंडाचं रूप बदलत राहतात आणि ही क्रिया कितीतरी पट वेगाने चालू ठेवतात. आम्ल खडक खातं, खडकातून धातू सुटतात, नवं पायराइट उघडं पडतं. एकदा सुरू झालं की बाहेरून कुणी काही न करता चालू राहतं.

स्वयंपाकघरातली लोखंडी तारेची घासणी आठवा. पूर्ण पाण्यात बुडवून ठेवली तर हळू गंजते. कोरडी ठेवली तर जवळजवळ नाहीच. पण ओली करून ओट्याच्या कडेला टाकली की सकाळी नारिंगी डाग पडलेला असतो. खाणीचंही असंच आहे. पूर्ण बुडालेला भाग त्यातल्या त्यात बरा, कारण पाण्यात प्राणवायू फार कमी विरघळतो. त्रास होतो तो पाण्याच्या पातळीच्या वर-खाली होणाऱ्या पट्ट्यात. पावसाळ्यात पाणी चढतं, उन्हाळ्यात उतरतं, आणि भिंतींवर आम्लाचे क्षार साठतात. पांढरे, पिवळट, कधी हिरवट, बोटाने खरवडले तर मिठासारखे निघतात. पुढच्या पावसात पाणी चढलं की ते एकदम विरघळतात. म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतरचा नमुना मला वर्षातल्या बाकी सगळ्या नमुन्यांपेक्षा जास्त सांगतो.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या पश्चिमेला हे उघड दिसलं. विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणी एकामागून एक बंद झाल्या, उपसा थांबला, पाणी वर्षानुवर्षं चढत राहिलं आणि 2002 मध्ये क्रुगर्सडॉर्पजवळ जमिनीवर येऊन वाहू लागलं. आम्लयुक्त, धातू घेऊन आलेलं. शेवटची गाडी वर आल्यावर कित्येक वर्षांनी आलेलं हे पाणी होतं. अमेरिकेत कोलोरॅडोमधली गोल्ड किंग खाण 1920च्या दशकापासून बंद होती. तिच्या तोंडाशी साचलेल्या ढिगाऱ्यामागे पाणी अडून राहिलं होतं. 5 ऑगस्ट 2015 रोजी पाहणीचं काम चालू असताना तो बांध फुटला आणि सुमारे 30 लाख गॅलन, म्हणजे एक कोटी लिटरहून जास्त पाणी ॲनिमस नदीत गेलं. नदी मोहरीच्या रंगाची झाली. ते पाणी आत असताना तसं दिसत नव्हतं. बाहेर येऊन हवा लागली, आम्ल सौम्य झालं आणि विरघळलेलं लोखंड एकदम साका होऊन बाहेर पडलं.

हे वाचून कोलारचीही नदी नारिंगी होणार असं समजू नका. इथे मला मुलाच्या बाजूने बोलावं लागेल. कोलारचं बहुतेक सोनं ज्या चॅम्पियन शिरेतून आलं ती प्रामुख्याने क्वार्ट्झची आहे, गंधकाची खनिजं तिच्यात तुलनेने कमी. पट्ट्याच्या पश्चिमेच्या शिरा मात्र सल्फाइडच्या, म्हणजे गंधकाच्या खनिजांच्या आहेत. म्हणजे एकाच खाणक्षेत्रात दोन स्वभावाचे खडक आहेत, आणि "कोलारचं पाणी चांगलं" किंवा "कोलारचं पाणी वाईट" असं सरसकट बोलणारा माणूस तिथे नमुने घेऊन आलेला नाही असं मी समजतो. कुठल्या गावात, कुठल्या बाजूला, किती खोलीवरचं पाणी, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

माझ्या मते कोलारमध्ये जास्त काळजी करायची ती जमिनीखालच्या पोकळीची नाही, वर रचून ठेवलेल्या ढिगांची.

हिशेब करून बघा. शेवटच्या काळात तिथल्या खडकात टनाला तीनेक ग्रॅम सोनं मिळत होतं. लक्ष्मी रोडवर तुम्ही एक तोळ्याची वस्तू घेतली तर त्यामागे तीन-चार टन दगड फोडून, दळून, धुऊन बाजूला टाकलेला असतो. सोनं गेलं, दगड तिथेच राहिला. पण तो दगड म्हणून राहत नाही. सोन्याचे कण मोकळे व्हावेत म्हणून तो पिठीसारखा दळलेला असतो, मोदकाच्या उकडीला आपण जी तांदळाची पिठी घेतो तिच्याहूनही बारीक. शिवाय त्याच्यावर रसायन फिरलेलं असतं. आधीच्या काळात तांब्याच्या पत्र्यावर पारा लावून सोनं धरायचे. सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवायची पद्धत 1887 मध्ये निघाली आणि नंतर जगभर तीच रुजली. आपल्याकडे पूर्वी झारेकरी सोनाराच्या दुकानापुढची धूळ झाडून न्यायचे आणि धुऊन कणभर सोनं काढायचे. तत्त्व तेच, पण झारेकऱ्याचा चोथा टोपलीभर असायचा. कोलारचा चोथा सुमारे 3.3 कोटी टन आहे, तेरा ढिगांमध्ये, हजारेक एकरांवर. लोक त्यांना सायनाइड डम्प म्हणतात. लांबून छोट्या टेकड्याच वाटतात, वर सपाट आणि अंगावर पावसाने पाडलेल्या उभ्या घळी. त्या घळींचा माल खाली कुठे जातो, हा तुमच्या मुलाने विचारायचा पहिला प्रश्न.

नाव सायनाइड डम्प असल्यामुळे लोकांची सगळी भीती सायनाइडवर बसलेली असते. खरं तर उघड्यावर पडलेल्या ढिगाच्या वरच्या थरातलं सायनाइड ऊन, हवा आणि जिवाणू यांनी बऱ्यापैकी मोडतं. काही हवेत उडून जातं. लोखंडाशी बांधलं गेलेलं मात्र चिवट असतं, ते ढिगाच्या पोटात टिकतं. वीस-पंचवीस वर्षांनंतर मी सायनाइड तपासतो, पण माझी खरी नजर आर्सेनिक, शिसं, निकेल आणि सल्फेट यांच्यावर असते. धातू मूलद्रव्यं आहेत, ती मोडत नाहीत. ती फक्त जागा बदलतात.

आणि धूळ. कोरड्या, वाऱ्याच्या महिन्यांत या ढिगांवरून जी पांढरट धूळ उठते तिच्यात क्वार्ट्झची बारीक पूड असते. दळताना त्याचे ताजे, धारदार कण तयार झालेले असतात आणि सगळ्यात बारीक कण थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. खाणकामगारांना सिलिकोसिस व्हायचा तो याच पुडीने. ढिगांवर झाडं लावायचे प्रयत्न झाले आहेत, आणि जिथे मुळांनी धरलं तिथे फरक पडतो. पण जमीन ढिगाच्या वाऱ्याच्या वाटेवर असेल तर पालेभाजी लावू नये असं मी स्पष्ट सांगेन. पानांवर बसलेली धूळ धुऊनही पूर्ण जात नाही, शिवाय पालेभाज्या आणि कंद मातीतले धातू जास्त घेतात. फळझाडांच्या फळांत ते सहसा कमी पोहोचतात. कोलार जिल्हा आंब्याला आणि टोमॅटोला प्रसिद्ध आहे, तेव्हा पर्याय आहेत. साचलेल्या पाण्यातला भात मात्र नको, कारण चिखलात प्राणवायू नसला की आर्सेनिक मोकळं होतं आणि भात ते पटकन उचलतो.

या ढिगांबद्दल एक ताजी गोष्ट. त्यात अजूनही टनामागे ग्रॅमभराच्या आसपास सोनं आहे, आणि आजच्या भावात ते काढणं परवडू शकतं. 2024 मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने या तेरा ढिगांवर पृष्ठभागावरचं खाणकाम करण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला मान्यता दिली. नीट केलं तर यात चांगलंही होऊ शकतं. जुना चोथा उचलून खाली अस्तर घातलेल्या जागी ठेवता येतो. पण पाण्याचे फवारे, झाकलेले ट्रक आणि पावसाळ्याचं नियोजन नसेल तर जमलेला थर पुन्हा उकरला जाईल आणि धुळीचा त्रास नव्याने सुरू होईल. जमीन घेताना पुढची दहा वर्षं धरून विचार करायचा तर हे धरावं लागेल.

कॅनडाच्या यलोनाइफ गावाजवळची जायंट माइन तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण भूगर्भात काय सोडून दिलं जातं याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. तिथलं सोनं आर्सेनोपायराइटमध्ये अडकलेलं होतं. ते सोडवायला खनिज भाजावं लागे आणि भाजताना आर्सेनिक ट्रायऑक्साइडची धूळ निघे. 1948 पासून खाण चालली. सुरुवातीची वर्षं ती धूळ सरळ आकाशात जात होती. 1951 मध्ये जवळच्या डेने या आदिवासी लोकांच्या वस्तीतलं एक लहान मूल बर्फ वितळवून केलेलं पाणी पिऊन दगावलं. पुढे धूळ पकडायला यंत्रं बसवली आणि पकडलेली धूळ खाणीच्याच रिकाम्या दालनांत भरली, कारण तिथली जमीन गोठलेली होती. 2004 मध्ये खाण बंद झाली तेव्हा खाली 2,37,000 टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड पडलेलं होतं, आणि ते पाण्यात विरघळतं. आता सरकार ती दालनं कृत्रिमरीत्या गोठवून ठेवण्याच्या कामात आहे, आणि ही राखण पुढच्या पिढ्यांकडेही जाणार आहे. कोलारमध्ये अशी भाजणी किंवा असा साठा नाही. तरीही मी हे सांगतो, कारण खाली भरलं की प्रश्न मिटला असं मानणारे लोक मला आजही भेटतात, आणि आपल्याकडच्या वापरात नसलेल्या दगडखाणींत कचरा टाकला जातो तेव्हाही विचार तोच असतो.

आता विहिरीकडे येऊ. पाणी तपासून घ्या असं सगळेच सांगतात. पण नमुना कसा घेतला यावर उत्तर बदलतं, आणि हे मी स्वतः भोगलं आहे.

काही वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या एका बंद खाणीच्या उताराला एका शेतकऱ्याच्या विहिरीतून मी दोन बाटल्या भरल्या. एका बाटलीत जागेवरच गाळून नायट्रिक आम्लाचे थेंब टाकले, पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, दोनच्या खाली नेला. दुसरी साधी ठेवली, कारण आम्लाची छोटी बाटली संपत आली होती. रात्रीच्या बसने पुण्याला आलो. सकाळी बघतो तर साध्या बाटलीच्या तळाशी तपकिरी साका बसला होता, हळदीच्या पाण्याला बसतो तसा. दोन्ही बाटल्या एका प्रयोगशाळेत दिल्या. तिथल्या मुलाने साध्या बाटलीतलं वरचं नितळ पाणी अलगद ओतून घेतलं आणि अहवाल आला, आर्सेनिक आढळत नाही. आम्ल घातलेल्या बाटलीत ते मर्यादेच्या कितीतरी वर होतं. पाणी एकाच विहिरीचं, दोन मिनिटांच्या अंतराने भरलेलं. झालं असं की वाटेत लोखंड साका होऊन खाली बसलं आणि आर्सेनिक त्याला चिकटून खाली गेलं. मी एकच साधी बाटली आणली असती तर त्या शेतकऱ्याला लेखी दिलं असतं की पाणी पिण्याजोगं आहे. त्यांच्या घरात दोन लहान मुली होत्या. त्या दिवसापासून आम्लाची बाटली दोनदा मोजल्याशिवाय मी घरातून निघत नाही.

सायनाइडचा नमुना मात्र बरोबर उलट. त्यात आम्ल कधीच घालायचं नाही, कारण सायनाइडचा विषारी वायू होऊन निघून जातो आणि घालणाऱ्यालाही धोका असतो. त्यासाठी वेगळी गडद बाटली, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच 12 वर नेणं, आणि बर्फाच्या डब्यातून शक्य तितक्या लवकर पोहोचवणं. ही कामं मुलाने स्वतः करू नयेत. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला सांगावं की तुमचा माणूस पाठवा आणि धातूंसाठी आणि सायनाइडसाठी वेगवेगळ्या बाटल्या भरा. ही दोन वाक्यं ऐकून समोरचा गोंधळला तर दुसरी प्रयोगशाळा बघावी.

काय काय तपासायचं? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, शिशाचीही तितकीच, निकेल 0.02, सायनाइड 0.05, पारा 0.001. हे घ्याच. पण मी यात सल्फेट आवर्जून घालतो. पायराइट गंजलं की सल्फेट सुटतं आणि ते पाण्याबरोबर सहज पुढे जातं. धातू वाटेत मातीला, लोखंडाच्या साक्याला धरून मागे राहतात. म्हणून आजूबाजूच्या विहिरींत सल्फेट कमी आणि एकाच विहिरीत चढं दिसलं, धातू सगळे मर्यादेत असले, तरी मी समजतो की खाणीच्या बाजूचं पाणी या विहिरीपर्यंत यायला लागलं आहे. तो आधी आलेला निरोप असतो. एक अहवाल बघून निर्णय करू नका. एक नमुना मेमध्ये, पाणी सगळ्यात खाली असताना, आणि एक पहिल्या जोरदार पावसानंतर आठ-दहा दिवसांनी.

फ्लोराइडही तपासा, पण त्याचा दोष खाणीला देऊ नका. कोलार जिल्ह्यातल्या ग्रॅनाइटी खडकांत ते मुळातच आहे आणि बोअर जितका खोल तितकं बहुधा जास्त. तिथले बोअर हजार फुटांच्या पुढे गेलेले आहेत. आपल्या पुण्याच्या बेसॉल्टमध्ये वाढलेल्या माणसाला हे नवीन वाटतं. पुण्याचा खडक साडेसहा कोटी वर्षांचा, कोलारचा पट्टा जवळपास 270 कोटी वर्षांचा. इथला अनुभव तिथे जसाच्या तसा लावता येत नाही. आणखी एक, 2018 पासून बेंगळुरूचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोलार जिल्ह्यातल्या तलावांत सोडलं जातं आणि त्याने कित्येक ठिकाणी भूजल चढलं आहे. त्यामुळे विकणारा 2015चा अहवाल दाखवत असेल तर तो आजच्या पाण्याचा नाही.

पाणी थोडं खराब निघालं तर आरओ लावू, असं मुलगा म्हणेल. आर्सेनिक पाण्यात दोन रूपांत असतं. त्यातलं एक रूप आरओ बऱ्यापैकी अडवतं, दुसरं बरंचसं सुटून जातं. खोल बोअरच्या पाण्यात हे दुसरं जास्त असू शकतं. उकळून तर उलट होतं, पाण्याची वाफ जाते आणि आर्सेनिक मागे राहतं. पिण्याचं पाणी बाहेरून आणायचं आणि विहीर बागेला वापरायची, हा मधला मार्ग धातू मर्यादेच्या किंचित वर असतील तर चालतो. बरेच वर असतील तर बागेलाही नको.

जमीन खचण्याबद्दल थोडक्यात. खाण चालू असताना कोलारचे रॉकबर्स्ट, म्हणजे ताणाने खडक अचानक फुटणं, प्रसिद्ध होते, आणि खाण पाण्याने भरताना खडकावरचा ताण बदलतो म्हणून नंतरही लहान धक्के बसू शकतात. काही किलोमीटर लांबच्या एकमजली घराला त्याची मी फार चिंता करणार नाही. खाणीत उतरायला खणलेल्या आणि आता विसरलेल्या जुन्या उभ्या विवरांची, म्हणजे शाफ्टची, करेन. आपल्याकडे नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत भुयारी नळ आणला, त्याचे दगडी उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी तोंडं, ठिकठिकाणी होते. शहर वाढलं तसे कितीतरी उच्छ्वास वाड्यांच्या आणि दुकानांच्या मागे दडले, आता ते कुठे आहेत हे अभ्यासकांना शोधावं लागतं. कोलारच्या पट्ट्यात कंपन्यांच्या आधीपासून लोक सोनं खणत होते. उथळ, नकाशावर कधीच न आलेले खड्डे तिथे आहेत. जमिनीत कुठे गोल खोलगट भाग असेल, पावसाचं पाणी एकाच जागी नाहीसं होत असेल, तर तिथे घराचा पाया नको.

आणि अशा कुठल्याही तोंडातून आत जायचं नाही. पुण्याची मुलं ट्रेकला सरावलेली असतात, गुहा दिसली की टॉर्च घेऊन शिरतात. सल्फाइड गंजताना हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं. आतली हवा ना वास देते ना डोळे चुरचुरतात, माणूस चार पावलं पुढे जाऊन खाली बसतो. आपल्याकडे जुनी विहीर उपसायला उतरलेले दोघं-तिघं एकापाठोपाठ जातात, ते याच कारणाने. हवेचा दाब उतरला की खाण श्वास सोडल्यासारखी आतली हवा बाहेर टाकते, त्यामुळे काल सुरक्षित वाटलेलं तोंड आज नसतं.

जबाबदारी कुणाची, हेही ताईंनी विचारलं होतं. खाण बंद करताना पाणी, ढीग, जमीन यांचं काय करणार याचा आराखडा आधीच मंजूर करून घ्यावा आणि त्यासाठी आर्थिक हमी ठेवावी, हा नियम आपल्याकडे 2003 मध्ये आला. ते काम बघणाऱ्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय नागपूरला आहे. कोलार त्याच्या दोन वर्षं आधीच बंद झालं. आज एखादी खाण बंद होते तेव्हा निदान एक कागद आणि एक हमी असते. तिथे हजारो कामगारांची घरं, दवाखाना, पाणीपुरवठा सगळं खाणीवर उभं होतं, आणि ते एका तारखेला थांबलं. मला याचं आजही वाईट वाटतं. ढिगांच्या शेजारी राहणारी बहुतेक माणसं त्याच कामगारांच्या घरची आहेत. तुमच्या मुलाला जमीन न घेण्याचा पर्याय आहे, त्यांना तो नाही. म्हणून तिथे नमुने घ्यायचे तर फक्त आपल्या दीड एकराचे न घेता शेजारच्या दोन घरांच्या विहिरींचेही घ्यावेत आणि अहवाल कन्नडमध्ये समजावून त्यांच्या हातात द्यावा, अशी माझी विनंती आहे. खर्च फार वाढत नाही.

मी घेईन का, असं विचारलंत तर सांगतो. जमीन ढिगांच्या वरच्या अंगाला, चार-पाच किलोमीटरवर, त्यांच्या ओढ्यापासून वेगळ्या उतारावर असेल आणि दोन्ही मोसमांतले नमुने मर्यादेत असतील, तर घेईन. ढिगाच्या खालच्या अंगाला एक-दीड किलोमीटरच्या आत असेल तर फुकट मिळाली तरी माझ्या मुलाला घेऊ देणार नाही. मधल्या अंतरासाठी उतार बघावा लागेल. त्याला सांगा, आपल्या सातबाऱ्यासारखा तिथे आरटीसी असतो, त्यावरचा सर्व्हे नंबर काढून ठेव. मग एका रविवारी गाडी बाजूला लावून जमिनीच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यापासून ओढ्याच्या काठाने वर चालत जा, जिथवर ओढा जातो तिथवर. ओढ्यातल्या दगडांवर नारिंगी बुळबुळीत थर आहे का, काठावर पांढरट क्षार आहेत का, मातीच्या जागी राखाडी पिठी लागते का, याचे जागेसकट फोटो काढ. ते फोटो आणि सर्व्हे नंबर तुम्ही मला पाठवा. विसार देणं तोपर्यंत थांबवा. मेचा नमुना हाताशी असेल तर जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाल्यावर बाटल्या कुठून आणि किती भरायच्या ते मी नकाशावर खुणा करून देईन.